सत्तावनची बंदूक

जुन्या वस्तूंचा संग्रह करणें हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा नाद होय, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ दिवस रूढ आहे. आणि ती सर्वस्वीं खोटी आहे असें म्हणवत नाहीं. तथापि बारकाईनें पाहूं गेल्यास हा नाद म्हणजे एक प्रकारचें वाचनच आहे. ग्रंथ वाचतांना जशी अभिरुचि लागते, चिकित्सा लागते आणि क्वचित् फसगतही होते, तसाच प्रकार येथेंही आहे. ग्रंथांवर टीका लिहिणारे आपल्यांत थोडे नाहींत. पण भिंतीवर टांगलेल्या वस्तूवर व ती निवडणाऱ्याच्या दृष्टीवर टीका करण्याची चाल मात्र फारशी पडलेली नाहीं. प्रस्तुत लेख त्या जातीचा आहे. त्याचा विषय एक बंदूक असून, ती पाहण्याचा योग ज्यांच्यामुळें आला त्या गृहस्थांपासूनच आरंभ करणें सोयीचें होईल.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत तीर्थपुरी म्हणून गांव आहे. तेथें माझे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. चाळीस वर्षें त्यांनीं शाळेंत इतिहास शिकविला. गांव त्यांना गुरुजी म्हणतें, आणि मीही तसेंच म्हणतों. त्यांच्या घरांतील एका खोलींत निजामी अमलांतील हाली शिक्क्याचे रुपये, मोडी दस्तऐवजांचीं दोन गाठोडीं, पायलीपासून निठव्यापर्यंतचीं जुनीं मापें आणि शाईच्या दौती असा संग्रह आहे. प्रत्येक वस्तूखालीं त्यांच्या वळणदार अक्षरांतील चिठ्ठी असते, आणि ती वस्तु कोणाच्या घरून, कोणत्या सालीं, काय देऊन आणली हें तींत लिहिलेलें असतें. जें माहीत नसेल त्याची जागा ते कोरी सोडतात. हा शेवटचा गुण मला त्यांच्या सर्व संग्रहापेक्षां मोलाचा वाटतो.

गेल्या वर्षीं या गुरुजींच्या मनानें एका रायफलीचा ध्यास घेतला. ज्यानें चाळीस वर्षें मुलांना काडतुसांचा धडा शिकविला, त्याला सत्तावनच्या शिपायाच्या हातांतील बंदूक एकदां तरी आपल्या खोलींत असावी असें वाटणें स्वाभाविक आहे. एका शहरांतील जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानें त्यांना छायाचित्रें पाठविलीं होतीं व खालीं लिहिलें होतें, 'अठराशें सत्तावनच्या बंडांतील शिपायाची अस्सल एन्फील्ड रायफल.' किंमत गुरुजींच्या आठ महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती. सूनबाईंची त्यावरून घरांत थोडी नाराजी होती, आणि ती गैर होती असें मला म्हणतां येत नाहीं. नातीला पुढील शिक्षणासाठीं शहरांत ठेवण्याचा खर्च तोंडावर आला होता. गुरुजींनीं मला लिहिलें, 'आपण एकदां पाहून सांगा, मग घेतों.'

माझी निवड त्यांनीं माझ्या ज्ञानावरून केली नसून माझ्या फजितीवरून केली असावी. पंचवीस वर्षांपूर्वीं मीं 'पेशवाईंतील' म्हणून एक बंदूक मोठ्या अभिमानानें विकत घेतली होती. तिच्या कानाच्या जागीं केप बसविण्याची लहानशी पोकळ खुंटी होती. तांब्याची केप प्रचारांत आली ती १८२० च्या सुमारास व पुढें, आणि पेशवाई बुडाली १८१८ सालीं. एवढा हिशेब करण्याचें मला सुचलें नाहीं. परवान्याच्या कागदावर तिचें वर्णन 'ठासणीची बंदूक' एवढेंच होतें, आणि सरकारी कारकुनाचें तें वर्णन माझ्या वर्णनापेक्षां अधिक खरें होतें.

वाचकांपैकीं ज्यांचा या विषयाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू नळीच्या तोंडांतून आंत ओतावयाची, वर गोळी सोडावयाची आणि गजानें ठासावयाचें, ही रीत या सर्व बंदुकांना समान आहे. फरक आहे तो दारूला विस्तव कसा पोंचवावयाचा यांत. तोडेदार बंदुकीचा जळता तोडा चाप ओढतांच खालीं येऊन कानावरच्या रंजकाला लागतो; चकमकीच्या बंदुकीच्या घोड्यांत गारगोटी असते, ती पोलादावर आपटून ठिणगी पाडते; केपाच्या बंदुकींत घोडा केपावर आदळतो. रायफल ही गोष्ट याहून निराळी. तिचा संबंध विस्तवाशीं नसून नळीच्या पोटाशीं आहे. सामान्य बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते; रायफलीच्या नळींत पेचदार खांचा असतात, त्यांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडते आणि तिचा नेम फार दूरवर टिकतो.

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही या जातीची. तिची नळी ३९ इंच लांब, तोंड ०.५७७ इंच, आंत तीन उथळ खांचा. या खांचा ७८ इंचांत एक वळसा घेतील अशा बेतानें कापलेल्या असतात. म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत बरोबर अर्धी गिरकी घेते. नळीच्या पाठीवर शिडीसारखी उभी राहणारी नेमपट्टी असून तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा केलेल्या असतात. वजन साडेनऊ रत्तलांच्या आसपास. यंत्र म्हणून पाहिलें तर तिच्या काळीं तिच्या तोडीचें हत्यार थोडें होतें.

आतां हें हत्यार शिपायाच्या हातांत होतें काय? येथेंच आपणां सर्वांचा गोंधळ आहे. १८५७ च्या आरंभीं ही रायफल हिंदुस्थानांत नुकतीच येऊं लागली होती. डमडम, अंबाला व सियालकोट येथें तिचें शिक्षण देण्याचीं केंद्रें निघालीं होतीं, आणि देशी पलटणींतील निवडक शिपाई तेथें पाठविले जात. चरबीची वार्ता जानेवारींत डमडमहून फुटली ती यामुळेंच. परंतु बंगालच्या फौजेंतील बहुतेक देशी पायदळाच्या खांद्यावर त्या वेळीं जुनी, सुमारें पाऊण इंच तोंडाची, गुळगुळीत नळीची केपाची बंदूक होती. मीरतेस २४ एप्रिलला ज्या ८५ स्वारांनीं काडतुसें घेण्याचें नाकारलें, तीं काडतुसेंही नव्या रायफलीचीं नसून जुन्या पद्धतीचींच होतीं. ज्या रायफलीच्या काडतुसांवरून ठिणगी पडली ती रायफल उठाव करणाऱ्यांच्या हातीं फारशी आलीच नाहीं. ती मुख्यतः समोरच्या बाजूनें, गोऱ्या पलटणींच्या हातांतून, त्यांच्यावर चालली. आपल्या बाजूस म्हणावें तर औरंगाबादेस जून १८५७ मध्यें हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यांत जी खळबळ झाली ती स्वारांची होती. पायदळाच्या त्या लांब रायफलीचा तिच्याशीं संबंध नाहीं.

मग शिपायाचा आणि एन्फील्डचा संबंध केव्हां आला? उठाव मोडल्यानंतर, आणि तो मोठ्या विलक्षण रीतीनें आला. देशी पलटणींवरील सरकारचा विश्वास उडाला होता. त्यांना रायफल देणें धोक्याचें वाटे, आणि कांहींच न देणें शक्य नव्हतें. तेव्हां एन्फील्डच्या नळींतील खांचा पोखरून काढून तिचें तोंड ०.६५६ इंच करण्यांत आलें, आणि शिडीच्या नेमपट्टीऐवजीं एक साधी स्थिर खांच बसविण्यांत आली. हा १८५८ चा नमुना. पोखरल्यामुळें नळी पातळ होऊन तिला पोंचे पडूं लागले, म्हणून १८५९ चा नमुना मुळांतच जाड नळीचा केला. बाहेरून पाहणाराला दोन्ही हुबेहूब एन्फील्डच दिसतात. तीच लांबी, त्याच तीन कड्या, तोच दस्ता. शिपायाला रायफलीची आकृति मिळाली. तिचा नेम मात्र काढून घेतलेला होता.

व्यापाऱ्याच्या दुकानीं आम्ही गेलों तेव्हां त्यानें ती बंदूक लाल मखमलीवर काढून ठेविली. गुरुजींनीं तिला हात लावण्यापूर्वीं नमस्कार केला. मीं नेमपट्टी पाहिली, शिडी नव्हती. नळींत बारीक दिवा सोडून पाहिला. खांचांचा मागमूस नव्हता. पट्टी लावली तेव्हां तोंड साडेसोळा मिलिमीटरांच्या वर भरलें. एन्फील्डचें तें पंधराच्याही आंत असतें. घोड्यालगतच्या लोखंडी पाटीवर राजमुकुटाचा ठसा होता, पण तो हाताळून हाताळून पुसट झालेला. त्याच्या शेजारचा १८५६ हा आंकडा मात्र असा कोरा करकरीत कीं भिंगांतून त्याच्या कडा बोटाला टोंचतील असें वाटावें. मूळचा आंकडा घासून तेथें नवा कोरला होता हें सांगावयास तज्ज्ञाची गरज नव्हती. व्यापारी कांहीं ओशाळला नाहीं. तो म्हणाला, 'लोकांना सत्तावनच पाहिजे असतें, साहेब. एकोणसाठ कोणी मागत नाहीं.'

त्या दिवशीं हें उत्तर मला उद्धट वाटलें. आतां वाटतें, कीं आपल्या एकंदर इतिहासप्रेमावर इतकी नेमकी टीका मीं फार थोड्या लेखांत वाचली आहे. आपल्याला इतिहासांतील चार-दोन साल-तिथ्या हव्या असतात. त्यांच्या मागची-पुढची वर्षें नको असतात. आमच्या ऐतिहासिक चित्रपटांत शिवकालीन मावळ्याच्या हातीं चकमकीची किंवा केपाचीही बंदूक दिसते, आणि प्रेक्षागृहांतील एकही मनुष्य दचकत नाहीं. तोच प्रेक्षक नायिकेच्या नऊवारीची नीर चुकली तर तक्रार करील. कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर तर प्रत्येक शतकाची बंदूक एकच. यांत चित्रकाराचा दोष आहेच. परंतु ज्या लेखकानें आंत 'बंदुकीचा बार झाला' एवढें लिहून समाधान मानलें, त्याचाही दोष कमी नाहीं. तोडेदार बंदूक पावसांत निकामी होते, रात्रीं तिच्या तोड्याचा निखारा शत्रूला दिसतो, ती भरण्यास वेळ लागतो. या तीन गोष्टींतून कित्येक प्रसंग आपोआप उभे राहिले असते. वस्तु नीट न पाहिल्यामुळें कल्पनाही दरिद्री राहते, असा माझा अनुभव आहे.

तथापि त्या बंदुकीचा खोटेपणा कोठें होता, हा प्रश्न मला परतीच्या वाटेवर सोडीना. लोखंड जुनें होतें, लांकूड जुनें होतें, ती देशी शिपायासाठींच बनली होती. वस्तु म्हणून तिच्यांत एका आंकड्याखेरीज कांहींच बनावट नव्हतें. खोटें होतें तें तिच्याविषयींचें विधान. भांडारकर संशोधन मंदिराच्या पंडितांनीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां मागाहून शिरलेले श्लोक त्यांनीं फेंकून दिले नाहींत. ते तळटीपांत व परिशिष्टांत उतरवून ठेविले. क्षेपक हा देखील इतिहासच आहे, फक्त तो मूळ संहितेच्या नांवावर खपवूं नये, इतकाच त्यांचा आग्रह. हाच न्याय बंदुकीला लावला पाहिजे. एकोणसाठच्या नमुन्याची ही गुळगुळीत नळी म्हणजे सत्तावनचा फार बोलका दस्तऐवज आहे. राज्यकर्त्यांना आपल्याच फौजेची किती धास्ती बसली होती, हें कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षां ती नळी अधिक स्पष्ट सांगते. व्यापाऱ्यानें तिच्यावर सत्तावनपूर्वीचें साल कोरून तिचें मोल वाढविलें नाहीं. जें खरें मोल होतें तेंच खरवडून टाकलें.

हें मीं गुरुजींना सांगितलें तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, 'त्यापेक्षां सरळ नवी नक्कल घेतली तर?' प्रश्न रास्त होता. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनें १९७० नंतरच्या काळांत एन्फील्डच्या ज्या प्रतिकृति केल्या त्या जुन्या सरकारी मापांवरून केलेल्या होत्या, आणि जाणकार त्यांना मान देतात. त्यांच्या नळीवर नव्या परीक्षेचे ठसे असतात. म्हणजे त्या आपलें वय लपवीत नाहींत. आपल्या देशांतही परदेशच्या हौशी लोकांसाठीं जुन्या धर्तीच्या बंदुका बनतात व त्या कान न पाडतां पाठविल्या जातात. त्यांत कांहीं बऱ्या असतात, कांहीं केवळ नाटकांतल्या. बंदूक कशी भरीत, खांद्याला तिचा भार कसा लागे, हें मुलांना दाखवावयाचें असेल तर चांगली प्रतिकृति झिजलेल्या मूळ वस्तूपेक्षां अधिक अचूक ठरते. पण गुरुजींना तें नको होतें. त्यांना कोणा शिपायाचा हात लागलेलें लांकूड हवें होतें, आणि अशा इच्छेवर युक्तिवाद चालत नाहीं.

त्याच दुकानाच्या कोपऱ्यांत आणखी एक लांब बंदूक उभी होती. तिच्यावर देवनागरी आंकडे होते. व्यापारी तिला 'नेपाळी नक्कल' म्हणून हिणवीत होता. २००३ सालीं नेपाळ सरकारनें काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारांतील हजारों हत्यारें अमेरिकन व्यापाऱ्यांना विकलीं, तेव्हां अशा बंदुका जगाच्या नजरेस आल्या. एन्फील्डच्या नमुन्यावर नेपाळी कारागिरांनीं आपल्या फौजेसाठीं केलेलें तें स्वतंत्र काम आहे. एक बंदूक खोट्या सालानें महाग झालेली, आणि दुसरी खऱ्या नांवानें लाजविली गेलेली. बाजाराची अभिरुचि ती ही.

मीं माझ्याकडून गुरुजींना वेगळाच सल्ला दिला होता. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत असई आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेलस्लीची लढाई झाली. तो दिवस चकमकीच्या बंदुकीचा होता. कंपनीच्या शिपायाची ३९ इंची नळीची ती बंदूक इतकी सोयीची ठरली होती, कीं फ्रान्सशीं युद्ध जुंपल्यावर खुद्द इंग्रज सरकारनें तोच नमुना आपल्या फौजेसाठीं उचलला. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या. त्यांच्यासाठीं आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका तयार होत. असईच्या काळांतील कंपनीची बंदूक ओळखण्याची खूणही सोपी आहे : १८०८ च्या सुमारापर्यंत तिच्या पाटीवर चार भाग पाडलेलें हृदयाकृति चिन्ह असे, पुढें त्या जागीं मागच्या पायांवर उभा सिंह आला. जालन्याच्या माणसानें सत्तावनसाठीं मीरतेकडे पाहण्यापेक्षां असईकडे पाहणें अधिक उचित, असें माझें मत. आणि त्याहूनही जवळचें पाहावयाचें तर निजामी राज्यांत गढ्यांच्या दारांत आणि सावकारांच्या ओसरीवर पहारा करणाऱ्या अरब-रोहिल्यांची तोडेदार बंदूक आहे. तिच्यामागें पलटण नाहीं, लढाई नाहीं, म्हणून तिला गिऱ्हाईकही नाहीं.

पुण्याच्या दिनकर केळकरांची येथें आठवण होते. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारा हा मनुष्य आपल्या दिवंगत मुलाच्या नांवें जो संग्रह उभा करून गेला, त्यांत शस्त्रेंही आहेत. परंतु पाहणाराच्या मनांत राहतात ते दिवे आणि अडकित्ते. कारण अडकित्ता कोणत्याही लढाईची बढाई मारीत नाहीं. तो फक्त सुपारी कातरल्याचें सांगतो, आणि तें खरें असतें. बंदूक घरांत येते ती मात्र कथा सांगतच येते. म्हणून ती घेणारानें आधीं चिठ्ठी लिहून पाहावी व मग पैसे मोजावे, अशी मीं गुरुजींना विनंती केली.

त्यांनीं ती शब्दशः पाळली. आठ दिवसांनीं मला त्यांच्या पत्रासोबत चिठ्ठीचा मसुदा आला : 'बंदूक, ठासणीची, केपाची. नळी गुळगुळीत. १८५९ चा नमुना. सत्तावननंतर देशी शिपायांस रायफल द्यावयाची नाहीं या धोरणानें बनविलेली. पाटीवरील साल मागाहून बदललें आहे. बदलणाराचें नांव', आणि पुढें कोरी जागा. पत्रांत एकच प्रश्न होता : खरी चिठ्ठी लावण्यासाठीं खोट्या चिठ्ठीची किंमत द्यावी काय? न दिली तर ती बंदूक दुसऱ्या कोणाच्या दिवाणखान्यांत जाईल, आणि तेथें ती कायमची सत्तावनचीच राहील.

मीं 'देऊं नये' असें कळविलें. सूनबाईंची अडचण माझ्या डोळ्यांपुढें होती, आणि खोट्या आंकड्याला मिळालेला पैसा पुढचा आंकडा कोरावयास उपयोगी पडतो हेंही मनांत होतें. व्यापाऱ्याशीं बोलणें झालें. निम्म्या किंमतीस तो तयार नव्हता. उलट, परवान्याची कटकट नको असेल तर नळींत शिसें ओतून कानही बुजवून देतों, म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्यांतून ती सुटेल, असें त्यानें सुचविलें. निरुपयोगी झालेल्या जुन्या हत्यारांना त्या कायद्यांत सवलत आहे ही गोष्ट खरी. पण दुरुस्त करूनही चालणार नाहीं अशी अवस्था असली तरच ती सवलत आहे, आणि नळीच बुजविली तर या बंदुकींत वाचण्यासारखें काय उरलें? गुरुजींनीं हात जोडून नकार दिला.

दोन महिन्यांनीं ती विकली गेल्याचें कळलें. कोणी घेतली तें व्यापाऱ्यानें सांगितलें नाहीं. 'सत्तावनची म्हणूनच गेली', एवढेंच तो म्हणाला. माझा सल्ला बरोबर होता कीं काय याची मला अजून खात्री नाहीं. नात शहरांत शिकावयास गेली आहे. चिठ्ठी गुरुजींनीं मोडी कागदांच्या गाठोड्यांत ठेविली आहे, आणि परवान्यासाठीं जालन्यास केलेला अर्ज त्यांनीं मागें घेतलेला नाहीं. जवळच्या एका खेड्यांत जुन्या गढीच्या माळ्यावर तोडेदार बंदुकीची नुसती नळी पडून आहे, अशी बातमी त्यांना लागली आहे.